पियानो शिकवणाऱ्यांनी स्वतः पुढे शिकायचं कुठे? (पुण्यातले कोणी आहेत का इथे)

पियानो_कोथरूड:

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला घरीच पियानो शिकवते, बरीच वर्षं झाली आता. पहिलीतल्या पोरांपासून ते रिटायर झाल्यावर हौसेने आलेल्या एका काकांपर्यंत सगळे आहेत माझ्याकडे. माझी स्वतःची आठवी ग्रेड (पियानोच्या परीक्षांतली सगळ्यात वरची) झालीये पण शिकवायचं कसं याचं ट्रेनिंग असं कधी घेतलेलं नाही. आधी वाजवायला शिकले, मग शेजारच्यांनी विचारलं आमच्या मुलीला शिकवाल का, आणि क्लास सुरू झाला. आपल्याकडे बहुतेकांचं असंच होतं असं वाटतं.

प्रश्न असा आहे की मुलं तिसऱ्या-चौथ्या ग्रेडपर्यंत मस्त जातात आणि मग गाडी अडते. परीक्षेचे पीसेस (नेमलेल्या रचना) वर्षभर घोटतात, मार्कही चांगले पडतात, पण कधी न बघितलेलं सोपं पान समोर ठेवलं, अगदी पहिल्या ग्रेडचं, की हात जागच्या जागी थांबतात. परवा एका मुलीला असंच आठ बारचं (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला मात्रांचा गट) एक पान दिलं. ती प्रत्येक नोटला खालून रेघा मोजत वर यायची, मग मान खाली घालून पियानोवरची की शोधायची, आणि ती सापडेपर्यंत पानावर आपण कुठे होतो तेच हरवलेलं असायचं. हीच मुलगी तिचा परीक्षेचा पीस न बघता सुंदर वाजवते! मला याचं फार वाईट वाटतं, कारण क्लास सुटल्यावर ही मुलं आपणहून एखादं नवीन गाणं काढून वाजवणार नाहीत.

तर मला माझं शिकवणं सुधारायचंय. टीचिंग डिप्लोमा करावा का, बाहेरचा एखादा ऑनलाइन कोर्स घ्यावा का (पौंडातली फी बघून पोटात गोळा येतो), की पुण्या-मुंबईत वर्कशॉप होतात ते बघावेत? शनिवार-रविवार पूर्ण क्लासमध्ये जातात त्यामुळे जे करेन ते खरंच उपयोगी पडायला हवं. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

कॅम्पकर:

ताई, प्रश्न अगदी योग्य विचारलात. मी कॅम्पात कित्येक वर्षं शिकवतोय, थोडं मोठं लिहितो.

आधी मार्कांचं गणित बघा. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या नेहमीच्या प्रॅक्टिकल परीक्षेत १५० पैकी ९० मार्क तीन पीसेसना आहेत, स्केल्स-आर्पेजिओला (सुरांचे चढ-उतार) २१, साइट रीडिंगला (न बघितलेलं पान वाजवणं) २१ आणि ऑरलला (ऐकून उत्तर द्यायची टेस्ट) १८. पासिंग १००. म्हणजे साइट रीडिंग कच्चं असलेलं मूलही आरामात पास होतं. २०२० पासून व्हिडिओवर द्यायच्या परफॉर्मन्स ग्रेड आल्या त्यात तर चार पीसेस वाजवायचे, स्केल्स नाहीत, साइट रीडिंग नाही. ट्रिनिटीला, म्हणजे लंडनच्या दुसऱ्या परीक्षा मंडळाला, पाचव्या ग्रेडपर्यंत चारपैकी दोन सपोर्टिंग टेस्ट निवडता येतात, त्यात साइट रीडिंग गाळता येतं. परीक्षा वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही, या संस्था शंभरपेक्षा जास्त वर्षं हे काम करतायत, ट्रिनिटी १८७२ची आणि एबीआरएसएम १८८९ची. पण परीक्षेचा सिलॅबस म्हणजे वर्षभराचा अभ्यासक्रम नव्हे, अभ्यासक्रम टीचरनेच ठरवायचा असतो आणि आपलं पहिलं शिक्षण तिथे सुरू होतं.

तुमच्या त्या मुलीचं सांगतो. रेघा खालून मोजायला लावू नका. ट्रेबल क्लेफचा (वरच्या रेघांच्या सुरुवातीची खूण) गोल ज्या रेघेभोवती वळतो ती जी ची रेघ, बेस क्लेफच्या (खालच्या रेघांची खूण) दोन टिंबांमधली रेघ एफ ची, आणि मधला सी. एवढे तीन मुक्काम पक्के करून घ्या आणि बाकी सगळं अंतराने वाचायला शिकवा, एक पायरी वर, एक गाळून खाली, असं. दर क्लासची सुरुवातच नवीन पानाने करायची, तिच्या ग्रेडच्या दोन पायऱ्या खालच्या. वाजवायच्या आधी अर्धा मिनिट हात मांडीवर, नुसतं बघायचं. मग तुम्ही हातात एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या आणि ती जो बार वाजवत असेल तो लगेच झाकत पुढे जा. डोळे आपोआप पुढच्या बारवर जातात. चुकलं तरी थांबायचं नाही, मागे जायचं नाही, ठेका सोडायचा नाही. पहिले काही आठवडे मुलं वैतागतात, चालू ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. कोर्सच्या आधी फुकटातलं एक काम करा, स्वतःचा एक पूर्ण क्लास फोनवर रेकॉर्ड करा आणि रात्री शांतपणे बघा. आपण किती बोलतो, मूल किती वाजवतं. मूल चुकलं की किती सेकंदात आपण तोंड उघडतो, त्याला स्वतःला ऐकू यायच्या आत की नंतर. हे दुसऱ्या टीचरसोबत बसून बघितलंत तर आणखी चांगलं.

सप्तक_औंध:

मी ट्रिनिटीचा टीचिंगचा डिप्लोमा केलाय म्हणून लिहिते. आधी एक गोंधळ दूर करते, डिप्लोमा परफॉर्मन्सचे वेगळे आणि टीचिंगचे वेगळे. बरेच जण आठव्या ग्रेडनंतर परफॉर्मन्सचा एटीसीएल (ट्रिनिटीचा पहिला डिप्लोमा) करतात, छानच आहे, तुमचं वाजवणं नक्की सुधारेल, पण सात वर्षांच्या मुलाला मनगट सैल कसं ठेवायचं हे समजावायला त्याचा थेट उपयोग नाही. सिलॅबस अधूनमधून बदलतात त्यामुळे आत्ताचा नीट वाचूनच फॉर्म भरा.

माझ्या वेळी स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या केस स्टडी लिहायच्या होत्या आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त मी त्यातूनच शिकले. एका मुलाबद्दल दर आठवड्याला लिहायचं, आज काय ठरवलं होतं, काय झालं, का झालं. लिहायला बसल्यावर दिसायला लागलं की ज्या मुलाला मी आळशी समजत होते तो घरी ६१ कीच्या हलक्या कीबोर्डवर प्रॅक्टिस करतोय आणि माझ्याकडे वजनदार कीज, त्यामुळे त्याची बोटं दमतायत, एवढंच होतं. नुसतं "जास्त प्रॅक्टिस कर" म्हणून ते कधीच सुटलं नसतं. या लिखाणाला पौंड लागत नाहीत, एक वही पुरते. सर्टिफिकेटने फी वाढली का, तर नाही. पण आता पालकांशी बोलताना मी काय करतेय आणि का करतेय हे मला नीट सांगता येतं.

आणि तुम्ही चौथ्या ग्रेडला अडण्याबद्दल लिहिलंय त्याचं एक कारण थिअरीही असेल. एबीआरएसएमला सहाव्या ग्रेडच्या आधी पाचव्या ग्रेडची थिअरी (किंवा त्याला चालणारं दुसरं काही) लागतेच, आणि मुलांनी तोवर थिअरी केलेलीच नसते, मग ऐन शाळेच्या दहावीच्या तोंडावर ते सगळं अंगावर येतं आणि क्लास बंद. पहिल्यापासून जो पीस चालू आहे त्यातूनच थिअरी काढली तर हे टळतं. हा पीस कुठल्या कीमध्ये (म्हणजे कुठला सूर सा धरून) आहे, शेवटी घरी आल्यासारखं का वाटलं, इथे हा शार्प (सूर अर्धा चढवणारी खूण) कुठून आला, एवढं विचारत राहायचं.

शेवटचं म्हणजे स्वतः कोणाकडे तरी शिकत राहा ताई. मी अजूनही महिन्यातून दोनदा मुंबईच्या एका टीचरकडे ऑनलाइन शिकते. आपण विद्यार्थी असलो की समोरच्या विद्यार्थ्याचं ओझं कळतं. आणि ऐका, प्रत्यक्ष ऐका, कॅम्पात मझदा हॉलला पाश्चात्य संगीताचे कार्यक्रम होतात, मुंबईला एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे सीझन असतात, जमेल तेव्हा मुलांनाही घेऊन जा.

पेटी_सदाशिव:

मी पियानोवाला नाही, हार्मोनियम आणि गाणं शिकवतो, तरी राहवलं नाही म्हणून लिहितोय.

तुमच्या ऑरल टेस्टमध्ये परीक्षकाने वाजवलेला तुकडा म्हणून दाखवायचा असतो ना, माझ्या भाचीला त्याचीच भीती वाटायची कारण क्लासमध्ये गाणं कधी झालंच नव्हतं. आमच्याकडे उलटं, आधी गळ्यातून आलं पाहिजे मग बोटांतून. नवीन पान वाजवायच्या आधी मुलांना ते सरगममध्ये गुणगुणायला लावा. जी मेजर असेल तर जी ला सा धरा, डी मेजरला डी चा सा. हंगेरीचे संगीतशिक्षक कोदाय यांच्या पद्धतीतला हलता डो (डो म्हणजे पहिला सूर, तो रचनेप्रमाणे बदलतो) म्हणजे आपल्या सा सारखाच आहे, आणि आपल्या मुलांनी सा हलताना लहानपणापासून ऐकलेला असतो, त्याचा फायदा घ्या की.

लयीचंही तसंच. सिक्स-एट (बारमध्ये सहा मात्रांचा ठेका) मुलांना जमत नाही अशी तक्रार मी बऱ्याच पियानो टीचर्सकडून ऐकलीये. दादरा म्हणायला लावा, धा धिं ना धा तिं ना, आणि टाळी फक्त पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. दोन मोठे ठोके आणि प्रत्येकात तीन, हेच तर पाहिजे. थ्री-फोर वेगळं, तिथे तीनच मात्रांनी बार संपतो, हा फरक हातावर टाळी देऊन दाखवला की पोरांना लगेच कळतो.

आता टीचर ट्रेनिंगबद्दल. आमच्या तालमीत मोठा शिष्य लहान शिष्याला शिकवतो आणि गुरुजी बाजूला बसून ऐकत असतात. मध्येच थांबवून म्हणतात, अरे त्याला सगळं एकदम सांगू नकोस, आधी तो षड्ज लागू दे. मी शिकवायला असाच शिकलो. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा त्यांना नुसते गाणारे नाही, शिकवणारे तयार करायचे होते, त्यांच्याच शिष्यांनी, विनायकबुवा पटवर्धनांनी, १९३२ साली पुण्यात विद्यालय सुरू केलं. तुम्हा पियानोवाल्यांकडे परीक्षा आहेत, पुस्तकं आहेत, पण आपण शिकवताना बघणारं कोणी नाही, ही मोठी उणीव आहे असं मला वाटतं.

कीबोर्ड_हडपसर:

सगळ्यांचं पटलं पण थोडी दुसरी बाजू मांडतो. माझ्याकडे संध्याकाळी पाच ते नऊ सलग बॅचेस असतात, एका बॅचमध्ये चार मुलं, फी तुमच्या कोथरूडच्या अर्धी. पालक बुडालेल्या क्लासचे पैसे कापून देतात. अशात केस स्टडी लिहा, मुंबईला जा, दुसऱ्याच्या क्लासला जाऊन बसा, हे कधी करायचं? शिकायची इच्छा नाही असं नाहीये, वेळेचे पैसे कोणी देत नाही. फी ठरवतानाच वर्षातले काही आठवडे टीचरच्या अभ्यासाचे म्हणून धरले पाहिजेत आणि ते पालकांना आधीच सांगितलं पाहिजे, नाहीतर हे सगळं ज्यांना परवडतं त्यांच्यापुरतंच राहील.

आणि कॅम्पकर सर, रेकॉर्डिंगची आयडिया चांगली आहे पण मुलं लहान असतात, पालकांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कॅमेरा लावू नये, आणि तो व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर अजिबात फिरवू नये. त्यापेक्षा कॅमेरा फक्त कीज आणि हात दिसतील असा लावावा.

आई_बाणेर:

मी पालक म्हणून वाचतेय, मुलगा दुसऱ्या ग्रेडला आहे. आम्ही सारखं "पुढची ग्रेड कधी" विचारतो याचा टीचर्सना त्रास होतो हे कळतंय, पण आम्हाला दुसरं काही मोजता येत नाही हो. आमच्या घरात कोणालाच पियानो येत नाही. सप्तक ताई म्हणाल्या तसं कोणी सांगितलं की या तीन महिन्यांत तो नवीन पान न थांबता वाचायला शिकणार आहे, तर मी तेच विचारेन. आणि टीचर स्वतः शिकायला जाणार म्हणून वर्षातून दोन आठवडे क्लास बंद असेल तर मी तरी पैसे कापणार नाही, फक्त आधी सांगा.

एक विचारायचं होतं, सुझुकी पद्धतीत (जपानमधली, आधी ऐकून वाजवायला शिकवणारी) आई-बाबा क्लासमध्ये बसतात असं ऐकलं, ते आपल्याकडे चालेल का?

सप्तक_औंध:

@आई_बाणेर हो बसतात, आणि घरच्या प्रॅक्टिसची जबाबदारी बरीचशी त्यांच्यावर असते. लहान मुलांच्या बाबतीत मी महिन्यातून एकदा तरी पालकांना बसवते, फक्त त्यांनी मध्ये बोलायचं नाही हे आधी ठरवून घेते. आणि सुझुकीच्या टीचर ट्रेनिंगमध्येही दुसऱ्यांचे क्लास बघणं असतं, म्हणजे फिरून पेटीवाले दादा म्हणाले तिथेच आलो.

@कीबोर्ड_हडपसर दादा, परवानगीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. फीबद्दलही सहमत.

पियानो_कोथरूड:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पुठ्ठ्याचा प्रयोग केला लगेच, ती मुलगी पहिल्यांदा चिडली, मग चौथ्या बारपर्यंत न थांबता आली आणि "अजून एक द्या" म्हणाली. दादरा काकांनाही शिकवला, त्यांना तो आधीपासूनच येत होता!

मी ठरवलंय की डिप्लोमाचं या वर्षी नको, आधी एका मुलाची वही लिहायला घेते. आणि कॅम्पकर सर, एक विनंती आहे. तुम्ही, सप्तक ताई आणि जमलं तर हडपसरचे दादा, आपण महिन्यातून एकदा एकमेकांचा क्लास बघायचा का? एकाने आपल्या विद्यार्थ्याला अर्धा तास शिकवायचं, बाकीच्यांनी मागे गप्प बसून बघायचं आणि मूल गेल्यावर बोलायचं. फी वगैरे काही नाही, पालकांची परवानगी मी घेते. पेटीवाले दादा तुम्हीसुद्धा या, तुमचं ऐकायचंय. पहिला क्लास माझा बघा, मला आवडेल.

कॅम्पकर:

जरूर. मला रविवारी सकाळी जमेल, अकराच्या आत. पुणे स्टेशनवरून मेट्रोने वनाजला उतरतो, पुढे रिक्षा. फक्त एक अट, त्या दिवशी विद्यार्थी म्हणून तुमचा सगळ्यात हुशार नको, जो अडलाय तो आणा.

कीबोर्ड_हडपसर:

रविवारी सकाळची माझी बॅच नसते, येतो. दुसऱ्या महिन्यात माझ्याकडे ठेवा, चार मुलांची बॅच एकदम कशी सांभाळायची ते मला कोणीतरी बघून सांगायला हवंय.