मदत हवी आहे: हॉवरक्राफ्टच्या मॉडेलला स्कर्ट कशाचा लावू?

नमस्कार मंडळी, सोलापुरातनं लिहितोय. भाच्याला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात कोस्ट गार्डच्या हॉवरक्राफ्टचं चालतं मॉडेल करायचंय. आता समुद्राचा नि आमचा संबंध गणपतीपुळ्यापुरता, पण पोरगं हट्टाला पेटलंय. माहिती त्याने सगळी गोळा केलीय, म्हणजे पंखा खाली हवा दाबतो, बोटीच्या तळाभोवती लावलेली रबरी झालर म्हणजे स्कर्ट फुगतो नि अख्खी बोट हवेच्या गादीवर उचलली जाते, म्हणून चिखल, वाळू, गुडघाभर पाणी कुठेही जाते जिथं साधी बोट रुतून बसेल, गस्तीला आणि लोकांना वाचवायला म्हणूनच वापरतात, जखाऊ, ओखा, मंडपम, हल्दिया इकडे आहेत आणि ऑक्टोबर २०२४ मधे आणखी ६ चा करारही झालाय.

आमचं अडलंय स्कर्टपाशी. थर्माकोलला खालनं जाड प्लास्टिकची पिशवी चिकटवलीय, वर १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा. फरशीवर झकास सरकतं, पण टबात पाण्यावर ठेवलं की मागची बाजू बसते आणि पुढनं सगळी हवा फुस्स. मला वाटतं पिशवीच कडक आहे. छत्रीचं कापड चालेल का? हवेची भोकं आतल्या बाजूला पाडायची ना, आणि केवढी?

दुसरं म्हणजे पुढे ढकलायला वेगळी मोटर लावावी का त्याच पंख्याची थोडी हवा मागे वळवावी? बॅटरीचं वजन आधीच जास्त होतंय. नवी पेठेत किंवा आसपास हलक्या मोटरी कुठे मिळतील तेही सांगा. ऑनलाइन मागव म्हणू नका प्लीज, प्रदर्शन सोमवारी आहे.