मदत हवी आहे: रेनेसान्स की मॅनरिझम, नुसतं चित्र बघून कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, बीएफएच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या आठवड्यात कला इतिहासाचा पेपर आहे आणि त्यात एक प्रश्न हमखास येतो. न शिकवलेलं चित्र छापून देतात, शैली ओळखा (पंधराव्या-सोळाव्या शतकातली समतोल रेनेसान्स, की तिच्यामागून आलेली, मुद्दाम ताणलेली मॅनरिझम) आणि कारणं लिहा. सनावळ्या पाठ आहेत, मसाच्चोचं ट्रिनिटी साधारण १४२७, राफाएल गेला १५२०, पार्मिजानिनो १५४०, पण चित्र समोर आलं की गाडी अडते. नोट्समध्ये लिहिलंय मॅनरिझम म्हणजे लांब माना, लांब बोटं. पार्मिजानिनोच्या लांब मानेच्या मॅडोनाला हे चपखल बसतं, पण मग टिंटोरेट्टोचं लास्ट सपर (येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण) घ्या, त्यात कुठेय लांब मान? आणि मायकेलअँजेलोचं तर विचारूच नका, रोमच्या सिस्टीन चॅपलचं छत (१५०८-१२) हाय रेनेसान्समध्ये (म्हणजे रेनेसान्सच्या ऐन बहरात) आणि त्याच चॅपलमधलं लास्ट जजमेंट (अखेरचा न्यायनिवाडा, १५३६-४१) कोणी इकडे घालतं कोणी तिकडे. मला हा विषय मनापासून आवडतो म्हणून घोकून लिहायचं नाहीये, नीट कळून लिहायचंय. कोणी सांगेल का प्लीज?

प्रतिसाद

अगं, माना बोटं नंतर बघ, आधी जागा बघ. लिओनार्दोचं लास्ट सपर आणि टिंटोरेट्टोचं शेजारी ठेव. लिओनार्दोचं टेबल आपल्यासमोर सरळ आडवं, शिष्य तिघातिघांच्या गटात, छताच्या आणि भिंतींच्या सगळ्या रेषा येशूच्या कानशिलापाशी जाऊन मिळतात. टिंटोरेट्टोने (१५९२-९४, व्हेनिस) तेच टेबल तिरकं आत घुसवलंय, येशू लांब मधे कुठेतरी छोटासा, आणि आपल्या अगदी पुढ्यात वाढपी, मोलकरणी, टोपलीत डोकावणारं मांजर. उजेड दिव्यातून आणि येशूच्या डोक्याभोवतीच्या तेजातून. नजर कुठे ठरवायची तेच कळत नाही, आणि हे त्याने मुद्दाम केलंय. हेच शब्दात लिही, मार्क त्यालाच असतात.

मग पोन्तोर्मोचं डिपोझिशन, म्हणजे येशूचा देह क्रूसावरून उतरवतानाचं चित्र, बघ (१५२५-२८, फ्लोरेन्स, सांता फेलिचिता चर्च). क्रूस नाही, शिडी नाही, जमीन जेमतेम, वर एक ढग. पुढचा उकिडवा बसलेला पोरगा अख्ख्या देहाचा भार पेलतोय आणि उभा कशावर तर पायाच्या बोटांवर! गुलाबी, फिका निळा, असले रंग दुःखाच्या प्रसंगाला. मला तर ते चित्र फार म्हणजे फार आवडतं.

मायकेलअँजेलोलाही हाच जागेचा प्रश्न विचार. छतावर त्याने खोटे कोरीव खांब-पट्ट्या रंगवून प्रत्येक संदेष्ट्याला (प्रॉफेट) बसायला जागा करून दिलीय. लास्ट जजमेंटला चौकटच नाही, निळ्यात नुसती शरीरं, आणि वरची माणसं खालच्यांपेक्षा मोठी. त्यामुळे मॅनरिझमकडे झुकतं असं कारणासकट लिहिलंस की कोणी चूक म्हणणार नाही.

दुसरा प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, एक भर घालतो. १५२७ ला रोम लुटलं गेलं म्हणून मॅनरिझम आला असं बरीच मुलं लिहितात, ते टाळ. रोस्सो फिओरेन्तिनोचं व्होल्तेरातलं डिपोझिशन १५२१ चं आहे, पोन्तोर्मोनेही आधीच सुरुवात केली होती. लुटीने काय झालं तर कलाकार पांगले, पार्मिजानिनो बोलोन्याला गेला, रोस्सो पुढे फ्रान्समध्ये फॉन्तेनब्लोला, आणि ही शैली त्यांच्याबरोबर तिकडे पोचली.

धागाकर्ती

बापरे, किती छान समजावलंत दोघांनी, खूप खूप आभार! तारखांचा मुद्दा तर कुठल्याच नोट्समध्ये नव्हता. राफाएलचं १५०७ चं एन्टुम्बमेंट (दफन) आहे ना, त्यातही येशूचा देह उचलून नेतायत पण पायाखाली घट्ट जमीन आहे, मागे लांबवर टेकडी आणि क्रूस दिसतात, ते आणि पोन्तोर्मो शेजारी ठेवून आज रात्री उत्तर लिहून बघते. इथे टाकलं तर कोणी तपासून द्याल का?