मदत हवी आहे: जपानी विरहगीतांच्या मराठी सबटायटलमध्ये ‘गेलो’ की ‘गेले’?

कॉलेजच्या मुलांसाठी प्रेमभंगाच्या जपानी पॉप गाण्यांचा छोटा कार्यक्रम करतोय. मराठी सबटायटल मीच लिहितोय. माझं जपानी एन-4 पातळीचं, म्हणजे जपानी भाषा परीक्षेच्या पाच पातळ्यांतली खालून दुसरी.

अडलंय ते क्रियापदाच्या लिंगापाशी. जपानी क्रियापदात ते दिसत नाही, मराठीत लपवता येत नाही. उताडा हिकारूचं ‘फर्स्ट लव्ह’ (1999) सरळ स्त्रीलिंगात घेतलं. पण युउरीचं ‘ड्राय फ्लॉवर’ (2020) गातो पुरुष, बोलते सोडून गेलेली मुलगी. त्यात ‘किराई ज्यानाई नो’ येतं. म्हणजे ‘नावडत नाही’, पण शेवटच्या ‘नो’मुळे सूर मऊ होतो. मी ‘नाही रे आवडत असं नाही’ लिहिलं, वाचून स्वतःलाच हसू आलं. उलट आयम्योनच्या ‘किमी वा रोक्कू ओ किकानाई’मध्ये (2017) गाणारी बाई, पण ‘मी’साठी शब्द ‘बोकु’, जो सहसा मुलगे वापरतात.

मशीन भाषांतर करून पाहिलं, सगळं पुल्लिंगी आलं. इंग्रजीवरून केलं तर मूळ शब्दांतला लिंगाचा इशाराच उरत नाही. ‘मला रडू आलं’ अशी वळणं घेऊन दोन कडवी निभावली, पुढे फारच कृत्रिम वाटायला लागलं.

सबटायटल दोन ओळींतच बसायला हवं, तळटीप शक्य नाही. गाण्यांआधी निवेदनाची दोनेक वाक्यं मात्र चालतील.

तर जपानीतून मराठी करणाऱ्यांनी सांगा: लिंग गाणाऱ्याच्या आवाजाचं धरायचं की गाण्यातल्या ‘मी’चं? आणि त्या ‘नो’चं मराठीत काय करता?