काळ्या-पांढऱ्या फोटोसाठी बाहेरची शाई: वापरावी की नाही?

रामबाग:
इंदूरच्या मराठी घरांतले जुने फोटो स्कॅन करून पुन्हा छापून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतो. पगडीतले आजोबा, नऊवारीतली पणजी. निगेटिव्ह कुणाकडेच नसतं, एकुलती एक प्रत असते. त्यामुळे शाईचा प्रश्न माझ्यासाठी नुसता खर्चाचा नाही.

माझं मत असं: काळ्या-पांढऱ्यासाठी बाहेरची, म्हणजे प्रिंटरच्या कंपनीची नसलेली, रंगीत डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) वापरूच नये. पण बाहेरचीच कार्बनची शाई, प्रिंटरला शाईच्या वेगळ्या टाक्या लावून, जरूर वापरावी. ‘ओरिजिनल की डुप्लिकेट’ हा वाद चुकीच्या जागी चाललाय. शाई कशाची आहे, ते विचारा.

साधा रंगीत प्रिंटर करडा रंग निळी, किरमिजी आणि पिवळी मिसळून काढतो. तिघांतली एक आधी उडाली की तोल गेला. चैत्रात मी एकाच फोटोच्या दोन पट्ट्या पश्चिमेच्या खिडकीला आतून चिकटवल्या, अर्ध्या भागावर काळा कागद लावून. आषाढात कागद काढला. बाहेरच्या डायच्या पट्टीत आजीच्या गालावर उभी रेघ पडली होती: झाकलेला गाल करडा, उघडा गाल विटकरी. कार्बनच्या पट्टीत रेघ सापडली नाही.

कार्बन म्हणजे शेवटी काजळीच. आमच्याकडे होळकरशाहीतले दोन मोडी कागद आहेत. कागद तपकिरी झालाय, घडीवर फाटलाय, पण काजळाच्या शाईतलं अक्षर आजही काळंभोर आहे.

राजवाडा:
दादा, तुमचं काम वेगळं, आमचं वेगळं. माझा स्टुडिओ आहे. गिऱ्हाईक संध्याकाळी येतं, तेराव्याला हार घालायला फोटो पाहिजे असतो, सकाळी न्यायचा असतो. त्याला कार्बन आणि डाय काय सांगू? टाक्यांची सोय आल्यापासून शाईचा खर्च इतका उतरला की गरीब घरालाही मोठा फोटो परवडतो. ही काय लहान गोष्ट झाली? आणि लोकांना ही सोय हवी होती म्हणूनच कंपन्यांनी स्वतः टाक्या बसवल्या ना? एप्सनने पहिला टाकीचा प्रिंटर २०१० मध्ये इंडोनेशियात आणला. त्याच्या आधीपासून लोक बाहेरून नळ्या लावूनच चालवत होते.

फोटो फिका पडला तर फाइल आहे माझ्याकडे. पुन्हा काढून देतो.

रामबाग:
तेराव्याच्या फोटोला माझी हरकत नाही, मनापासून सांगतो. पण तोच फोटो पुढे चाळीस वर्षं भिंतीवर राहतो. फाइल तुमच्याकडे तेव्हा असेल? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा मूळ स्टुडिओ कधीच बंद झालेला असतो. निदान फोटोच्या मागे पेन्सिलीने ‘डाय’ एवढं लिहून द्या, म्हणजे घरचे तो उन्हापासून लांब टांगतील.

तीन काळ्या:
रामबागकर, डायबद्दल तुमचं सगळं मान्य. पण त्यावरून बाहेरच्या कार्बनवर उडी मारणं मला पटत नाही. मधला रस्ता तुम्ही सोडूनच दिलात. एप्सनने २००५ मध्ये तीन काळ्यांचा पिगमेंट शाईचा (न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांच्या शाईचा) संच आणला: एक गडद, एक फिकी, एक अगदी फिकी. त्यासोबत काळ्या-पांढऱ्यासाठी ड्रायव्हरमध्येच, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, वेगळा मोड दिला. त्यात करडा रंग मुख्यतः काळ्यांमधूनच निघतो, रंगीत शाई छटेपुरती थोडी पडते. म्हणजे तुमचा तोल जाण्याचा मुद्दा तिथे बराचसा निकालात निघतो. शिवाय तोच प्रिंटर रंगीत फोटोही काढतो.

बाहेरच्या शाईचं माझं दुखणं ऐका. एका विक्रेत्याकडून करड्या शाईच्या बाटल्या घेतल्या, तीन रविवार घालून त्यांची कर्व्ह, म्हणजे कोणत्या छटेला किती शाई टाकायची याचं कोष्टक, बनवली. पट्टीवरचे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचे एकवीस टप्पे मोजून जुळवले. पुढची खेप आली ती वेगळीच! सावल्या बुजल्या, कपाळावर हिरवट झाक. विक्रेता म्हणे, शाई तीच आहे. वर्षभरात त्याने तो मालच बंद केला. सांगा, तुमच्या कार्बनवाल्याने उद्या हेच केलं तर?

रामबाग:
हा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी एवढंच करतो की नवी बाटली उघडली की आधी जुन्याच कर्व्हवर एकवीस टप्प्यांची पट्टी छापतो आणि मागच्या पट्टीशेजारी ठेवून सकाळच्या उजेडात बघतो. जुळली नाही तर ती बाटली गिऱ्हाइकाच्या कामाला नाही.

तरीही कार्बनच धरून बसतो, ते गालासाठी. एकच काळी शाई असली की उजळ कातडीवर ठिपके विरळ पडतात आणि डोळ्याला दाणा दिसतो. माझ्या जुन्या सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये आता रंग नाहीतच, सहाही टाक्यांत कार्बन आहे, एकीपेक्षा दुसरी पातळ. उजळ जागी पातळ शाईचे ठिपके दाट पडतात, म्हणून गाल सलग दिसतो. अमेरिकेत जॉन कोन यांनी पिएझोग्राफी ही काळ्या-पांढऱ्या छपाईची पद्धत याच विचारावर उभी केली. रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोन रिप हे सॉफ्टवेअर कंपनीच्या ड्रायव्हरला बाजूला सारून कोणत्या टाकीतून किती शाई टाकायची ते आपल्या हातात देतं. तीन काळ्या चांगल्या, सहा त्याहून चांगल्या.

लाल दिवा:
मी अजून डार्करूममध्ये बसतो, त्यामुळे दोघांच्याही विरुद्ध. जुने नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ १८६६ मध्ये याच इंदुरात सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले, कॅमेरा त्यांनी इथेच हाती घेतला. त्यांचे प्रिंट आजही बघायला मिळतात. चांदीचा प्रिंट (डार्करूममध्ये चांदीच्या क्षारांच्या कागदावर काढलेला) नीट धुतला तर टिकतो, हे काळाने दाखवलंय. तुमच्या शाया अजून तरुण आहेत.

रामबाग:
‘नीट धुतला तर’, सगळं तिथेच आहे काका. माझ्याकडे येणारे पिवळे पडलेले फोटो चांदीचेच असतात. हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, राहून गेलेला असतो.

सुदामानगर:
माझ्याकडे घरी सहा रंगांचा टाकीवाला प्रिंटर आहे, कंपनीचीच शाई. तीही डायच असते का? सासऱ्यांचा फोटो चकचकीत कागदावर काढायचाय.

रामबाग:
ताई, घरगुती फोटो प्रिंटरमध्ये बहुधा हो, डाय. कंपनीची डाय बहुधा बाहेरच्या स्वस्त डायपेक्षा जास्त टिकते. तुमच्यासाठी तीच ठीक. काचेची फ्रेम करा आणि ऊन लागणार नाही अशी भिंत निवडा. घरचा चालू प्रिंटर कार्बनवर नेऊ नका. मॅट कागदासाठीची कार्बन काळी चकचकीत कागदावर बसत नाही, बोट लागलं की पुसली जाते.

राजवाडा:
आणि ताई, बाहेरून टाक्या लावायचा मोह झालाच, तर टाक्या प्रिंटरच्याच पातळीवर ठेवा. वर ठेवल्या की शाई आपोआप ठिबकते, फार खाली ठेवल्या की नळीत हवा शिरते. मे महिन्यात चार दिवस मशीन बंद राहिलं की नोझल सुकतात, रोज एक छोटा प्रिंट काढायचाच. पिगमेंट असेल तर बाटली हलवून घ्या, तळाशी गाळ बसतो. हे मी एक हेड घालवून शिकलो.

रामबागकर, पेन्सिलीचं मात्र पटलं. उद्यापासून लिहितो.

तीन काळ्या:
मला अजून पटलेलं नाही. दोन्हींची बरोबरी एकाच उन्हात झाली पाहिजे.

रामबाग:
मग द्या एक पट्टी, तीन काळ्यांची, मॅट कागदावर. माझी सहा टाक्यांची शेजारी लावतो. खिडकी तीच, काळा कागद तोच. पुढच्या चैत्रात चिकटवू आणि या वेळी अख्खं वर्ष पट्ट्या काढायच्या नाहीत.