मदत हवी आहे: बक्षीसपत्रात आत्याचा हयातीचा हक्क आणि शेत परत येण्याची अट (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. बेळगाव-खानापूर भागात दस्ताचं काम करणाऱ्या वकिलांनी, किंवा घरात असं बक्षीसपत्र झालेल्यांनी कृपया सांगावं. दस्त लवकरच नोंदवायचा आहे.

माझी आत्या मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. काका वारले, मूलबाळ नाही. तिनं फंडाच्या पैशातून घेतलेलं भाताचं शेत तिला माझ्या धाकट्या भावाच्या नावे करायचंय, कसतो तोच. मृत्युपत्र कर, हवं तेव्हा बदलता येतं, असं सगळे म्हणतात. पण तिच्या माघारी सासरकडचे मृत्युपत्रावर वाद घालतील ही तिला धास्ती आहे. मृत्युपत्र टिकलं नाही तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे शेत नवऱ्याच्या वारसांकडे जाईल. म्हणून हयातीतच द्यायचं.

तिचं म्हणणं एवढंच: जिवंत असेपर्यंत पिकाचं उत्पन्न माझं, आणि भाचा माझ्याआधी गेला तर शेत मला परत. भावाचं अजून लग्न नाही. उद्या लग्न झालं, मूल नसताना त्याचं काही बरंवाईट झालं, तर शेत त्याच्या बायकोकडे आणि आमच्या आईकडे जाईल, आत्याकडे नाही. हे बोलायला जड जातं, पण तिच्या म्हातारपणाचा आधार तेवढाच आहे.

पहिल्या मागणीला अडचण दिसत नाही. देणाऱ्यानं हयातीपर्यंत ताबा आणि उत्पन्न राखून ठेवलं तरी नोंदणीकृत बक्षीसपत्र वैध, असं सुप्रीम कोर्टानं रेनिकुंटला राजम्मा खटल्यात २०१४ साली सांगितलंय. दुसरीसाठी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२६ वाचलं. त्यातलं पहिलंच उदाहरण शेताचं आहे: घेणारा आणि त्याचे वंशज देणाऱ्याच्या आधी वारले तर शेत परत घेण्याचा हक्क, घेणाऱ्याच्या संमतीनं, राखून ठेवता येतो. मात्र ज्यावरून शेत परत येतं ती घटना देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसावी. ‘वाटेल तेव्हा परत घेईन’ असं लिहिलं तर ते बक्षीसपत्रच रद्दबातल. भाऊ या अटीला आनंदानं तयार आहे.

अडलंय ते मसुद्यात. दस्त लिहिणाऱ्यानं कन्नडमध्ये छापील नमुना भरून दिला. ओळखीच्यांकडून वाचून घेतला तर त्यात ‘आजपासून माझा कोणताही हक्क उरला नाही’ असं वाक्य. आत्याला कन्नड वाचता येत नाही, ती तशीच सही करून बसली असती. हे वाक्य ठेवून खाली अटी घातल्या तर कोर्टात कशाला वजन मिळेल? मला तर ते काढूनच टाकावंसं वाटतं. दस्त तिला मराठीत वाचून, समजावून सांगितल्याचा शेरा साक्षीदारांच्या सह्यांपाशी घालता येतो का?

‘तिच्या हयातीत विकायचं नाही’ हीसुद्धा अट तिला हवी आहे. त्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १० विक्रीवरची सरसकट बंदी मानत नाही. हयातीपुरती बंदी चालते का?

शिवाय ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ चा (सांभाळ केला नाही तर दिलेली मालमत्ता परत मिळण्याची तरतूद) आधार मिळावा म्हणून ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द स्पष्ट लिहून घेणार आहोत. त्यासाठी कोणी वापरलेली नेमकी वाक्यरचना असेल तर द्या.

आणि आरटीसी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा. वर्दी (फेरफार) होऊन भावाचं नाव चढलं की आत्याचा हयातीचा हक्क इतर हक्कांच्या कॉलमात लावून मिळतो का, त्यासाठी तहसीलदारांकडे वेगळा अर्ज करावा लागतो का? मुद्रांक शुल्काच्या कुटुंबाच्या सवलतीत भाचा बसतो का, हेही कोणी सांगितलं तर बरं होईल.