गाडीचं १४ इंची चाक १६ करताना
दादा, स्विफ्टच्या १६५/८० आर १४ टायरच्या जागी (रुंदी १६५ मिमी, साइडवॉल म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंच) थेट २०५/६० आर १६ टाकायचं म्हणताय आणि वरच्या उत्तरात कुणीतरी बिनधास्त "चालतंय" लिहिलंय, पण जरा हिशोब करा. तुमच्या मूळ चाकाची उंची साधारण ६२० मिमी आणि या नव्याची ६५२, म्हणजे पाच टक्के जास्त, स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी खरी ८४ वर असेल. मी हा शहाणपणा केलाय. अणुस्कुरा घाटात पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या, प्रत्येक वळणाला फुल स्टिअरिंग मारलं की खर्रर्र. घरी येऊन बघतो तर चाकाच्या कमानीतलं प्लास्टिक घासून पार पातळ झालेलं.

त्यापेक्षा १८५/६५ आर १५ घ्या, उंची ६२१, वरच्या मॉडेलला कंपनीच हा देते. १६ च हवं असेल तर १९५/५५, उंची जुळते पण साइडवॉल बारीक, आपल्याकडच्या पावसाळी खड्ड्यात टायरला फुगा आलाच म्हणून समजा. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळच्या ८५ पेक्षा कमी नको आणि रिमचा ऑफसेटपण (चाक किती आत-बाहेर बसतं ते) विचारा, दुकानदार स्वतःहून सांगत नाही. अलॉय रिम घेतलेत तर खाऱ्या हवेत धुवत राहा, नाहीतर दोन वर्षात पांढरे चट्टे.