सल्ला हवा: बॅकएंडवाल्याने बिलिंगचे स्क्रीन कसे सुधारावेत?

बॅकएंडवाला
नमस्कार मंडळी. अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत जावात बॅकएंड, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचा कोड, लिहितो. प्रिन्सेस स्ट्रीटच्या एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याचं जुनं डेस्कटॉप बिलिंग बंद करून आम्ही ब्राउजरवर चालणारं नवीन दिलंय. फ्रंटएंडवाली, म्हणजे स्क्रीन बनवणारी, मुलगी नोकरी सोडून गेली, तेव्हापासून स्क्रीनही माझ्याच गळ्यात. हिशोब चोख येतो, सर्व्हर पडत नाही, पण ऑपरेटर वैतागलेत. काय खुपतं विचारलं की "सगळंच स्लो आहे, जुनंच बरं होतं." सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदींत) तर उत्तरं पाव सेकंदात जाताना दिसतात.

साहेब म्हणतात, एखादी महागातली कंपोनंट लायब्ररी (बटणं, खाने असे तयार भाग) घेऊ, नाहीतर तू यूआयचा, म्हणजे स्क्रीन डिझाइनचा, कोर्स कर. डिझायनर ठेवायचं बजेट नाही. हातात महिना-दीड महिना आहे. काय करू? प्रोग्रामरने प्रोग्रामरला सांगावं तसं सांगा, 'युजरच्या मनात शिरा' वगैरे नको.

तिरकसबाण
लायब्ररी घ्याच. तक्रारी त्याच राहतील, पण बटणांचे कोपरे गोल होतील.

पवईकर
कोर्सची घाई नको. पवईला आयआयटीच्या आयडीसीत (डिझाइन विभागात) इंटरॅक्शन डिझाइनचं एम.डेस. आहे, पण त्याला सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि पूर्ण वेळ शिकावं लागतं. एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर) फुकट कोर्स मिळतील, ते सावकाश बघा. तुमच्या महिन्याभरात त्याचा उपयोग नाही.

जुनाखेळाडू
बॅकएंडवाला, लॉग बाजूला ठेवा आणि मरीन लाइन्सला उतरून दुकानात जा. ऑर्डरींची गर्दी असेल तेव्हाच जा, मालक चहा पाजायला मोकळा असेल तेव्हा नको. ऑपरेटरच्या मागे स्टूल टाकून बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. तो अडकला तरी "वरती उजवीकडे बघा" म्हणायचं नाही. (हे फार अवघड जातं. जीभ चावून बसा.) एका बिलात त्याचा हात कीबोर्ड सोडून माउसवर किती वेळा गेला, एवढंच मोजा. त्याचं 'स्लो' तिथे आहे.

काय दिसेल ते न बघता सांगतो. टॅलीवर किंवा डॉसच्या जमान्यातल्या बिलिंगवर बोटं बसलेला माणूस एंटर दाबतो तो पुढच्या खान्यात जायला. ब्राउजरच्या फॉर्मला एंटर म्हणजे सबमिट वाटतं. म्हणजे बिचाऱ्याचं अर्धवट बिल तुमच्याकडे येतं आणि तुम्ही त्याला लाल अक्षरांत झापता. एंटरने पुढे, शिफ्ट-एंटरने मागे, एवढं आधी करा. टॅलीत एफ५ पेमेंटला असतं, ब्राउजरमध्ये त्याच बटणाने पान रिफ्रेश होतं आणि बिल गायब. एफ५ जावास्क्रिप्टने अडवता येतं. कंट्रोल-डब्ल्यू क्रोमच्या साध्या टॅबमध्ये अडवता येत नाही, म्हणून प्रत्येक ओळ भरली की मसुदा तिथल्या तिथे ब्राउजरमध्ये साठवा.

दुसरं, एक्स्पायरी. पैज लावतो, तुम्ही तिथे कॅलेंडर उघडणारा खाना दिलाय, कारण डेटाबेसच्या टेबलात तो कॉलम डेट टाइपचा आहे. स्ट्रीपवर मात्र महिना आणि वर्षच असतं. त्याला ०८२७ टाइप करू द्या आणि ऑगस्टची शेवटची तारीख तुम्ही धरा, कायद्यानेही औषध त्या महिनाअखेरपर्यंतच चालतं. आपल्या टेबलाचे कॉलम जसेच्या तसे स्क्रीनवर मांडणं ही आपल्या जमातीची जुनी खोड. १०+१ ची (दहावर एक फुकट) स्कीम 'क्वांटिटी' आणि 'फ्री क्वांटिटी' अशी दोन खान्यांत मागितली असेल तर तीही तीच. लिहिणारा १०+१ असंच लिहितो. त्याचे तुकडे करून अर्थ लावायचं, म्हणजे पार्स करायचं, काम आपलं, पगार त्याचाच मिळतो.

बॅकएंडवाला
कॅलेंडरही आहे आणि दोन खानेही आहेत. पैज जिंकलात. आयटम शोधण्याचं काय? टाइप करता करता सर्व्हरकडून यादी आणतो, तिथेही कुरकुर आहे.

चाफेकळी
दादा, आमचं कुर्ल्याला मेडिकल आहे, म्हणजे मी तुमच्या ऑपरेटरला फोन लावणाऱ्यांतली. तो कानाला रिसीव्हर दाबून लिहीत असतो आणि मी गिऱ्हाईक समोर ठेवून धडाधड बोलत असते. पूर्ण नाव कोणीच सांगत नाही. "पॅरा साडेसहाशे, वीस स्ट्रीप" एवढंच. तेव्हा 'पॅरा ६५०' टाकल्यावर मिळालं पाहिजे, नाव सुरुवातीपासून जुळायलाच हवं अशी अट नको. आणि यादीत नावापुढे शिल्लक दिसू द्या, म्हणजे 'माल नाही' हे मला बिल आल्यावर कळणार नाही.

जुनाखेळाडू
+१ ताई. बॅकएंडवाला, तुमचं पाव सेकंद इथेच नडतंय. ०.१ सेकंदाच्या आत काही घडलं तर माणसाला ते लगेच झाल्यासारखं वाटतं, त्यापुढे थांबणं जाणवायला लागतं. पण खरा धोका निराळा आहे. ऑपरेटर यादी बघून एंटर दाबतो, त्याच क्षणी उशिरा आलेलं उत्तर यादी बदलतं आणि भलतंच औषध बिलात जातं. २५,००० आयटम असले तरी नाव, पॅक आणि कोड सकाळीच ब्राउजरमध्ये उतरवून ठेवा नि शोध तिथेच चालवा. फक्त शिल्लक सर्व्हरकडून आणा, आणि ती आली म्हणून ओळी जागच्या हलता कामा नयेत.

मार्जिनऑटो
वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांच्या म्हणण्याप्रमाणे ५ जणांना वापरताना पाहिलं की बहुतेक दोष सापडतात. ५ ऑपरेटर बघा, झालं काम.

जुनाखेळाडू
५ एकाच प्रकारचे असतील तर. इथे बिलं करणारा, गोडाऊनवाला आणि वसुली बघणारे मालक हे तीन वेगळे लोक झाले. नील्सननेच अशा वेळी प्रत्येक गटातले निदान ३ बघायला सांगितलेत.

तिरकसबाण
आणि ते "नक्की सेव्ह करायचं का?" काढून टाका. पन्नासाव्या बिलाला ते कोणी वाचत नाही, बोट आपोआप एंटरवर पडतं.

बॅकएंडवाला
पण जीएसटीचं बिल एकदा झालं की पुसता येत नाही, नंबर सलग लागतात. मग विचारायचं नाही?

जुनाखेळाडू
नंबर छापताना द्या. तोवर मसुदा, त्यात हवं ते मागे घेता येऊ दे. छापल्यावर चूक निघाली तर क्रेडिट नोट, तिचं बटण त्याच बिलावर ठेवा.

बॅकएंडवाला
हे पटलं. शनिवारी जातो दुकानात. शेवटचं एक: गोडाऊनच्या मुलांसाठी मालकांना मराठी स्क्रीन हवाय. फक्त शब्द बदलले की भागेल?

पवईकर
नाही. लोकेल, म्हणजे भाषा-देशाची सेटिंग, मराठी-भारत दिलंत की ब्राउजर आकडेही देवनागरीत छापतो, १२,३४,५६७ असे. हिंदीला तसं करत नाही, म्हणून हिंदीवर तपासून खात्री धरू नका. रकमेला ते छान दिसतं, पण बॅच नंबर स्ट्रीपवर इंग्रजीत असतो, तो इंग्रजीतच ठेवा, मुलं अक्षर-अक्षर जुळवून माल काढतात. देवनागरी आकडे टाइप होऊ देणार असाल तर जावाचं पार्सइंट (मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन) '१२' नीट वाचतं, जावास्क्रिप्टचं वाचत नाही, तिथे आधी रूपांतर करा. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर वरचे रफार आणि खालचे उकार छाटले जातात. फॉन्ट हवा असेल तर मुंबईच्याच एक टाइपचा 'मुक्ता' फुकट आहे. आणि फिकट राखाडी अक्षरं नकोत. अक्षर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट ४.५ ला १ च्या खाली गेला तर गोडाऊनच्या एका ट्यूबलाइटमध्ये काही दिसणार नाही.